मास्तरांची तिसरी चाल

मास्तर वाजवताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत. समोर नवरदेव असो की पुढारी, त्यांची नजर कायम पायांवर. नंदुरबारच्या आमच्या बँडचे ते मालक आणि क्लॅरिनेटवाले; मी ऑर्गनवर. "तोंड खोटं हासस बेटा, पाय खोटं नही नाचतस," असं ते म्हणत.

मी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या आणि मला त्याचा तोरा होता. सगळ्यात अवघड संगीत कुठलं, यावर आमची कायम जुंपायची. मी ख्याल म्हणायचो, ते टिमली म्हणायचे. टिमली म्हणजे आमच्याकडच्या लग्नांतली नाचाची चाल. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळी धरायच्या, पुढे जायचं, मागे यायचं, तासन्‌तास. मला तो पोरखेळ वाटे. मास्तर चिडत. "बिदाईनं गाणं कोन्हीबी वाजाडी. पोरनी माय पहिलेच रडी ऱ्हायनी ऱ्हास. टिमलीले ना सुरुवात, ना शेवट. एकच तुकडा तासभर वाजाडाना, आनि कोन्हाले कटाळा नही येवाले पाहिजे. बनाडी दाखाड बरं!"

मी बनवली. त्यांनी अर्धी ऐकली आणि विडी पेटवली.

त्यांच्या स्वतःच्या चाली मात्र मिरची वाळत घालायच्या पथारीवर पास व्हायच्या. मास्तरांची बायको, आमच्या चाची, तिथे देठ खुडायला जात. मास्तर बायकांच्या मागे बसून, ठसक्याने खोकत खोकत, नवी चाल वाजवत. बायकांची बोटं आपोआप भरभर चालू लागली तर चाल पक्की, नाहीतर रद्द. एकदा चाची मान वर न करता म्हणाल्या, "नींद आती जी इससे." मास्तरांनी क्लॅरिनेट पुसलं, पिशवीत घातलं आणि ती चाल पुन्हा कधी वाजवली नाही.

मे महिन्यातली गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात भर दुपारी वरात चालली होती. पोरांनी अख्खा रस्ता भरून टाकला होता. एका बाजूला आमची बँडची भोंगे लावलेली गाडी आणि तिच्यापलीकडे नाला, दुसऱ्या बाजूला गव्हाचं कापलेलं रान. समोरून डोंगरातून उतरलेली ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. आमच्या भोंग्यांपुढे तिचा सायरन कुठला ऐकू येणार? ड्रायव्हर पळत आमच्याकडे आला. पोरांना तो ओरडून सांगून दमला होता, एकाने तर त्याला ढकललं होतं. "मास्तर, आतमा बाई अडेल शे. रगत थांबी नही ऱ्हायनं!"

मी झटकन पट्ट्यांवरून हात काढले. "हात नको काढू!" मास्तर माझ्यावर ओरडले.

ते बरोबर होतं. चाल मध्येच तोडली की प्यालेली पोरं आधी बँडवर येतात. मागच्याच मोसमात आमच्या ताशेवाल्याचं डोकं फुटलं होतं. भांडण पेटलं असतं आणि ॲम्ब्युलन्स तिथेच राहिली असती. मास्तर माइक घेऊन खाली उतरले आणि वाजवत रानाकडे चालू लागले. पुढची ओळ त्यांच्यामागे गेली आणि परत रस्त्यावर आली. टिमलीत पावलं जिथून निघतात तिथेच परत येतात. मग त्यांनी लय वाढवली. पोरं जागच्या जागी जास्तच उड्या मारू लागली. ड्रायव्हर कपाळावर हात मारत उभा होता.

मग मास्तरांनी एक नवाच तुकडा काढला. जाताना पूर्ण, परतताना एक ठेका कमी. मी चाचपडत त्यांच्या मागे ऑर्गन धरला. आता प्रत्येक फेरीत ओळ रानाकडे जायची तितकी परत यायची नाही, एक पाऊल तिकडेच राहायची. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. बघता बघता सगळी वरात धसकटांत नाचत होती आणि ॲम्ब्युलन्स आमच्या गाडीला घासून निघून गेली. "आमले वावरमा काय घाली दिधं?" म्हणून नवरदेवाच्या मामाने मास्तरांना वर शिव्या घातल्या. मला मास्तरांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढे तो ड्रायव्हर चहाच्या टपरीवर भेटला. मास्तरांनी हातातला कप तसाच धरून त्या बाईचं काय झालं ते विचारलं.

"बाळ वाचनं," तो म्हणाला. "माय रस्तामाच गयी."

मी काहीतरी समजूत घालायला गेलो. वाट तुम्हीच करून दिलीत, असं काहीसं. मास्तरांनी चहा न पिताच कप खाली ठेवला. "दोन चाली वाया गयात, बेटा. तिसरी पहिले सापडाले पाहिजे व्हती."

त्यानंतर ते वरातीआधी रस्ता पायी चालून बघत, कुठे मोकळं रान आहे ते हेरून ठेवत. तो तुकडा त्यांनी माझ्याकडून इतका घोटून घेतला की मी वैतागायचो. गेल्या हिवाळ्यात ते गेले. जनाज्यात वाजवत नाहीत. आम्ही सगळे बँडवाले मोकळ्या हातांनी मागे चाललो.

या लग्नसराईत नवापूरकडे वाजवत होतो. समोर ॲम्ब्युलन्स दिसली. मी दुसरं काहीच करून बघितलं नाही, तोच तुकडा धरला. ओळी लगेच वळल्या, गाडी गेली. पोरं नाचत होती, मी वाजवत होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं.