त्यातला एक हात माझा

रास अल खैमाच्या ऑफिसात सिमेंटच्या ऑर्डरींचे आकडे जुळवत बसले होते, तेव्हा नासिरचा मेसेज आला. 'अम्मी गेली. तुम्ही या.' एवढाच. नासिर म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या हमीदाआपांचा मुलगा. शारजातल्या आमच्याच रोल्ला भागात त्याचं कापडाचं दुकान आहे आणि एरवी त्याचा मेसेज म्हणजे पाच मिनिटांची व्हॉइस नोट असते. मी मॅनेजरला सांगून गाडी काढली. तासाभराच्या त्या रस्त्यात मला रडू आलं नाही, राग आला. सकाळीच आपा दारात भेटल्या होत्या, "शनिवारी ये गो, मीटिंग बघायचीय," म्हणाल्या होत्या, आणि ही बाई दिलेला शब्द पाळते यावर माझा फार भरवसा होता. शारजाला पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर पुरुषमंडळी त्यांना दफनाला घेऊन गेली. मी स्वयंपाकघरात उभी राहून अनोळखी बायकांना पाणी देत राहिले... त्याला आता सात आठवडे झाले.

त्या ज्या मीटिंगबद्दल म्हणाल्या ती इंग्लंडमधल्या एका लहानशा शहराच्या नगर परिषदेची सभा. हमीदाआपा तिथे नगरसेविका होत्या हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थाप वाटली होती. दापोलीजवळच्या खाडीकाठच्या गावातली मुलगी, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, लग्न झालं आणि नवऱ्यामागून विलायतेला गेली. याकूबभाई बस चालवायचे, या एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना जेवण वाढायच्या. शाळेसमोरच्या रस्त्यावर क्रॉसिंगचे पट्टे हवेत म्हणून त्यांनी आयांच्या सह्या गोळा केल्या आणि दीड वर्ष परिषदेचा पिच्छा पुरवला. पट्टे झाले, आणि पुढच्या निवडणुकीत लोकांनी यांनाच उभं केलं. दोनदा निवडून आल्या. पुढे याकूबभाई गेले, गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा नासिरने त्यांना इकडे आणलं. तोवर उभं आयुष्य त्या शहरात गेलं होतं आणि रोल्लाच्या चौथ्या मजल्यावर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं.

असं आम्हाला वाटलं होतं. ओळख झाल्यावर त्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "या बिल्डिंगचा खर्च कोण बघतं?" मी पुण्याची, त्यात अकाउंट्सवाली, पण असा प्रश्न मला सहा वर्षांत सुचला नव्हता. म्हटलं, "आपा, इथे भाडं द्यायचं नि गप्प बसायचं. लिफ्ट बंद पडली की नातूरला सांगायचं, तो इन्शाल्ला म्हणतो, खलास." नातूर म्हणजे आमचा वॉचमन. त्यांनी मालकाच्या ऑफिसला स्वच्छ इंग्रजीत पत्र लिहिलं, लिफ्ट कोणकोणत्या दिवशी बंद होती त्याची यादी जोडली, आणि आठवड्याभरात माणूस येऊन लिफ्ट दुरुस्त करून गेला. संध्याकाळी आम्ही फिरायला जायचो. कोथिंबिरीची जुडी घेताना त्या दिरहॅमचे रुपये करायच्या, मग रुपयांचे पौंड, आणि दोन्हीकडून महागच पडते असा निकाल देऊन जुडी पिशवीत टाकायच्या. वाटेत बाक दिसला, दिवा दिसला की थांबायच्या. "हे आपोआप उगवत नाही गो. कोणीतरी कागद वाचलाय, कोणीतरी हो म्हटलंय, तेव्हा आपण इथे बसतो." मला आधी हे वेड वाटायचं. नंतर त्या बाकाकडे मीही जरा नीट बघायला लागले.

परिषदेच्या सभा गुरुवारी व्हायच्या आणि त्यांचं चित्रण परिषदेच्या वेबसाइटवर यायचं. आमचा शनिवार सकाळचा कार्यक्रम ठरलेला: त्यांच्या हॉलमध्ये लॅपटॉप, कडक चहा, त्यांच्या हातचे खमंग भानोले, आणि पडद्यावर कार्पेट घातलेल्या सभागृहात बसलेली पंचवीस-तीस माणसं. माझी लेक सई एकदा डोकावली आणि "मम्मा, धिस इज सो बोरिंग," म्हणून परत गेली. मला मात्र चटक लागली. कचरा आठवड्याने उचलायचा की पंधरवड्याने, यावर माणसं तासभर भांडतात आणि भांडून झाल्यावर हात वर करून मोजतात, हे बघायला मला आवडायचं. आपा प्रत्येकाची कुंडली सांगायच्या. हा नुसता बोलतो, ही काम करते, हा झोपलाय असं वाटतं पण सगळं ऐकतो.

मग त्या परिषदेचे पैसे संपले. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांनी सरकारकडून स्वस्तात मोठं कर्ज काढून शहराच्या मधोमध असलेला मॉल विकत घेतला होता. हिशेब साधा होता: दुकानांच्या भाड्यातून हप्ता फिटेल, वर उरेल त्यातून वाचनालयं आणि म्हाताऱ्यांची केंद्रं चालतील, कारण वरून येणारं अनुदान आटत चाललं होतं. पुढे लोक घरबसल्या खरेदी करायला लागले, एकेक दुकान बंद पडलं, भाडं थांबलं आणि हप्ता तेवढा राहिला. शेवटी परिषदेच्या मुख्य हिशेब अधिकाऱ्याने लेखी जाहीर केलं की कायद्याने करावाच लागतो तो सोडून नवा खर्च बंद. घरपट्टी वाढली. आणि विसरभोळ्या झालेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं केंद्र बंद झालं. आपांची शेजारीण डोरीन, तिचा नवरा आठवड्यातून तीन दिवस तिथे जायचा. आता तो घरीच असायचा आणि डोरीनला नीट अंघोळही करता येत नव्हती. हे ती दर रविवारी फोनवर सांगायची. आपा ऐकून घ्यायच्या आणि फोन ठेवून आत निघून जायच्या.

एका शनिवारी बघितलेल्या सभेत कर्जाची चौकशी निघाली. ज्याला विचारावं तो म्हणत होता, आम्हाला अंधारात ठेवलं, मी तेव्हा विरोधातच होतो, मला आठवत नाही. जुन्या सभेचं इतिवृत्त काढलं तर त्यात एकच ओळ, 'ठराव मंजूर.' कोणी मुद्दाम मागणी केली तरच तिथे मतांपुढे नावं लिहितात आणि त्या दिवशी कोणी मागणी केली नव्हती. माझं डोकं फिरलं. मी पडद्याकडे हात करून म्हटलं, "कोण गाढव होतं ज्याने या कर्जाला हात वर केला?"

आपांनी चहाचा कप खाली ठेवला. "मी," म्हणाल्या.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. त्या मात्र शांत होत्या. सभेच्या आधी आठवडाभर कागदांचा गठ्ठा घरी आला होता, तो त्यांनी डिक्शनरी घेऊन सगळा वाचला होता. एका पानावर तक्ता होता, भाडं कमी झालं तर काय, असा. तो त्यांना कळला नाही. त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, विचारायचंच असं ठरवून गेल्या. "तिथे गेले, तर सगळे माना डोलवतायत. मी म्हटलं, ही इथली माणसं, कॉलेजात शिकलेली, यांना कळलंच असणार. मी स्वयंपाकघरातली. विचारलं तर म्हणतील, हिला कशाला निवडून दिलं... लाज वाटली गो. आपल्या माणसांची नाचक्की होईल असं वाटलं. म्हणून गप्प बसले आणि हात वर केला." बऱ्याच दिवसांनी त्यांनी एका जुन्याजाणत्या सदस्याला विचारलं होतं, तुम्हाला ते पान कळलं होतं का. तो म्हणाला, नाही, पण तुमच्या कागदावर पेन्सिलीची खूण दिसली, म्हटलं या बाईंनी बघितलंय सगळं. हे सांगताना आपा थोड्या हसल्या. मी हसू शकले नाही.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की हे सभेत सांगायचं. नासिर वैतागला. "अम्मी, कोणी विचारत नाही, कुठे लिहिलेलं नाही, आणि तू शारजात बसून स्वतःच्या गळ्यात घालून घेणार? उद्या केस झाली तर? सोड ना, यल्ला, खलास." मीही त्याच्याच बाजूने होते. आमच्या ऑफिसात चूक झाली की ती नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर टाकतात. मीही टाकली आहे, एका मंगळुरूच्या मुलीच्या नावावर, ती कॅनडाला गेल्यावर. आपांनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी चोरी नाही केली. पण सगळेच म्हणाले मी नव्हतो, तर मग ते कर्ज काढलं कोणी? डोरीनच्या नवऱ्याचं केंद्र काय वाऱ्याने बंद पडलं?"

आपांनी सभेत बोलायची परवानगी मागितली, त्यावर परिषदेच्या ऑफिसकडून नम्र उत्तर आलं: सभेत बोलण्याचा हक्क शहराच्या रहिवाशांना आहे, आपण आता रहिवासी नाही. मला वाटलं, सुटलो. पण आपांना एकच रहिवासी माणूस हक्काने सांगण्यासारखं होतं, आणि ते माणूस म्हणजे डोरीन. डोरीनला यातलं काही माहीत नव्हतं. तिकडे आपांची म्हणावी अशी तीच एक उरली होती, बाकीचे गेले होते किंवा मुलांकडे राहायला गेले होते. त्या रविवारी मी तिथेच बसले होते. आपांनी इंग्रजीत, एकेक शब्द ठेवून, तिला सगळं सांगितलं. कागद, तक्ता, पेन्सिल, हात. मग पलीकडून फोन कट झाला.

पुढचे चार रविवार फोन आला नाही. त्या दिवसांत आपा बारीक झाल्या, भानोले केले नाहीत, फिरायला आल्या नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "काय मिळालं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मिळायला कशाला पाहिजे?" पाचव्या रविवारी डोरीनचा फोन आला. ती म्हणाली, मी तुला माफ केलेलं नाही, पण कागद पाठव, सभेत मी वाचते.

त्या सभेचं चित्रण आम्ही तिघांनी शनिवारी बघितलं. नासिर दुकान नोकरावर सोडून आला होता. डोरीन मला वाटली होती त्याहून कितीतरी छोटी होती, निळ्या कोटातली, काठी टेकत माइकपाशी आली. तीन मिनिटांची वेळ असते. तिने चष्मा लावला आणि आधी हमीदाआपांचं पूर्ण नाव घेतलं, अगदी बरोबर उच्चारून, मग वाचलं: 'मॉलसाठी कर्ज काढायला जे हात वर झाले, त्यातला एक हात माझा होता. मला एक पान कळलं नव्हतं आणि मी ते विचारलं नाही. मला कोणी फसवलं नाही. ज्यांचं केंद्र बंद झालं त्यांची मी क्षमा मागते.' अध्यक्ष म्हणाले, नोंद घेतली, धन्यवाद, आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय गटारांच्या झाकणांचा होता.

"बस? एवढंच?" नासिर म्हणाला. मलाही चीड आली होती. आपा लॅपटॉपकडे बघतच होत्या. "एवढंच असतं. आता सभेच्या मिनिट्समध्ये एक तरी नाव येईल. कोणी शोधायला आलं तर निदान एक माणूस सापडेल." मी त्यांच्याकडे बघत राहिले. माणसं आपलं नाव देणगीच्या पाटीवर यावं म्हणून धडपडतात, कोनशिलेवर यावं म्हणून भांडतात. ही बाई हजारो मैलांवरून, मिळवलेली एकुलती एक मैत्रीण पणाला लावून, आपलं नाव एका बुडालेल्या कर्जापुढे लिहून घेण्यासाठी झटत होती. इतक्या वर्षांत मी मोठमोठे सीएफओ पाहिले, साहेब पाहिले, पण कोणापुढे इतकं लहान वाटलं नव्हतं. त्या ज्या शनिवारी ये म्हणाल्या होत्या, त्या आठवड्यातल्या सभेत हे इतिवृत्त मंजूर व्हायचं होतं. त्या सभेच्या दोन दिवस आधी त्यांचं हृदय थांबलं.

मागच्या शनिवारी नासिरने मला बोलावलं. इतिवृत्त वेबसाइटवर आलं होतं आणि त्याला ते एकट्याने उघडायचं नव्हतं. मी पानं खाली सरकवत गेले. उपस्थिती, मागील इतिवृत्त, मग नागरिकांचे प्रश्न. तिथे लिहिलं होतं, 'एका रहिवाशाने एका माजी सदस्याच्या वतीने गुंतवणूक मालमत्तेबाबत निवेदन केले. नोंद घेण्यात आली.' त्याखाली गटारांची झाकणं. नासिरने माझ्या हातातून माउस घेतला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. "अम्मीचं नाव कुठाय?" ज्याला हे नाव कुठेच यायला नको होतं, तोच विचारत होता. मी सांगितलं की तिकडे बहुधा अशीच पद्धत असावी, आपण पत्र लिहू. त्याने माउस बाजूला ठेवला आणि म्हणाला, "लिहू. पण ताई, तुम्ही पेपरात लिहिता ना कधीमधी? तिथे लिहा. पूर्ण नाव लिहा."

तर लिहिते. इंग्लंडमधल्या एका शहरात नगर परिषदेने मॉल विकत घ्यायला जे कर्ज काढलं, ज्याच्यापायी म्हाताऱ्यांचं केंद्र बंद झालं, त्या कर्जाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांपैकी एक नाव: हमीदा याकूब सारंग. बाकीची नावं मला माहीत नाहीत.