मिस्त्रींनी हरलेले रविवार

मिस्त्रींनी हातात थापी धरली की भिंत ओळंब्यात उभी राहिलीच म्हणून समजा. गावातली निम्मी घरं त्यांच्या हातची. तोंडाने मात्र भलते फटकळ. मालक म्हणाला, सिमेंट जरा कमी घाला, तर मिस्त्री म्हणायचे, मग राहायलाही दुसऱ्या कुणाला पाठवा. पण लेकीच्या सासरी पाय ठेवला की या वाघाची पार शेळी व्हायची.

तिथे दर रविवारी पत्त्यांचा डाव पडे. जावयाने आणलेला हा खेळ दोघांचाच. एकेक पत्ता मांडत आपलं राज्य उभारायचं: आधी तट, मग कोठार, मग बुरूज. ज्याचा राजवाडा आधी उभा राहील तो जिंकला. फितुरीचा पत्ता टाकून समोरच्याचा बुरूज पाडताही येतो, मग त्याचा राजवाडा अडतो. समोर बसायचे व्याही, निवृत्त हेडमास्तर. ते दर वेळी जिंकायचे आणि वर मिस्त्रींना समजवायचे की राज्य कसं बांधावं. बांधकाम, आणि तेही मिस्त्रींना! मिस्त्री मुकाट मान डोलवायचे. मुलीच्या बापाने पडतं घ्यावं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तसं त्यांच्याकडे कुणी मागितलं नव्हतं.

एका रविवारी पाण्याचा तांब्या ठेवताना लेकीला बापाच्या हातातले पत्ते दिसले. राजवाडा हातात होता, मांडायला जागाही तयार होती. मिस्त्रींनी तो दाबून ठेवला आणि एक फुटकळ विहीर मांडली. हेडमास्तर जिंकले.

लेक बापाला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. ती औषधांच्या कारखान्यात कामाला होती. तिला पॅकिंग विभागाची प्रमुख करायचं चाललंय, हे तिने वाटेत सांगितलं. मिस्त्री हरखलेच. पण ती नाही म्हणणार होती. घरी आवडणार नाही म्हणे. कोण काय बोललं, असं त्यांनी विचारलं, तर कुणीच काही नाही. तिने घरात विषयच काढला नव्हता.

"बाबा, राजवाडा हातात असून तुम्ही मांडला नाहीत," ती म्हणाली. "मीही तेच करतेय. तुमचीच लेक ना मी."

हे मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. बस आली, ती त्यांनी जाऊ दिली. म्हणाले, पुढच्या रविवारपर्यंत उत्तर देऊ नकोस.

त्या रविवारी मिस्त्री खेळले ते मिस्त्रींसारखे. तट असा घातला की कुठे फट नाही. हेडमास्तर राजवाडा मांडायच्या बेतात होते, तोच फितुरी टाकून त्यांचा बुरूज खाली आणला आणि पुढच्याच पाळीला आपला राजवाडा उभा केला. हेडमास्तर चष्मा काढून बघत राहिले. मिस्त्रींना धास्ती वाटली: पोरीच्या संसारात आपणच बिब्बा घातला की काय?

"किती दिवस मुद्दाम हरत होतात?" हेडमास्तरांनी विचारलं.

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे मी एकदाही जिंकलेलो नाही." हेडमास्तरांचा चेहरा पडला होता. त्यांनी पत्ते गोळा केले, पिसायला घेतले. "मांडा परत. आणि या वेळी माझी कीव करू नका."

तेव्हा दारात उभी असलेली लेक पुढे येऊन सासऱ्यांना म्हणाली,

"अण्णा, कारखान्यात मला विभागाची प्रमुख करतायत. उद्या मी हो सांगणार आहे. यापुढे घरी यायला उशीर होईल."

तिने विचारलं नाही, सांगितलं. हेडमास्तरांनी मान वर केली, सुनेकडे पाहिलं, बरं म्हणाले आणि पत्ते वाटले. मिस्त्रींना हातातले पत्ते धड दिसेनात. अभिमानाने डोळे भरून आले होते आणि नजर सारखी लेकीकडे जात होती. तो डाव मिस्त्री हरले, आणि अगदी खरेखुरे हरले.