नव्या सायलेन्सरला तेल

वडील गेले तेव्हा त्यांची व्हॅन अंगणाच्या कडेला पत्र्याखाली उभी होती, आणि पावसाळाभर ती तिथेच राहिली. तिच्यातून ते म्हापशाच्या बाजाराला नारळ नेत. आमचं घर पेडण्यात, खाडीच्या अंगाला; वारा खारा. अशा हवेत उभ्या गाडीचा सायलेन्सर टिकत नाही. पाऊस सरल्यावर मी किल्ली फिरवली तेव्हा इंजिन सुरू झालं, पण आवाज ट्रॅक्टरचा आला आणि खाली पत्र्याचा एक कुजका तुकडा गळून पडला.

गाडी सुरू करायचं कारण आई होती. आमच्या घरांत नवरा गेलेली बाई दिवसकार्य झाल्यावर सर्वांत आधी माहेरी जाते. भाऊ येतो, तिला घेऊन जातो, हात धरून आपल्या घरात घेतो. तोवर ती दुसऱ्या कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. शेजारी नाही, देवळात नाही. मामा मये गावात राहतो, आणि ऐन त्या दिवसांत तो घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलं. आई वाट बघत घरात राहिली. फाटकाशी येऊन उभी राही आणि परत फिरे. अशा चालीरीतींबद्दल मी पुष्कळ वाचलेलं होतं. त्याचा घरात काही उपयोग नव्हता.

शेवटी मामाचा निरोप आला की माझ्याने येववत नाही, तूच ये. आई तयार झाली, पण भाड्याच्या गाडीने जाईना. जायचं तर वडिलांच्या व्हॅनने.

म्हणून नवा सायलेन्सर बसवून आणला. गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, सुरुवातीला थोडा धूर येईल, वरचा रंग जळतो, घाबरू नका. हे आईला सांगायला हवं हे मला सुचलं नाही.

सकाळी निघालो. माझ्या शेजारी केळ्यांचा घड मांडीवर घेऊन काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मागे आई. धारगळच्या पुढे चढ लागला आणि आईने पाय वर उचलले.

"खालसून तापता गो," ती म्हणाली.

मग धूर आला. गॅरेजवाल्याने सांगितला होता तेवढा थोडा नव्हता. पांढरा, दाट, सीटच्या फटींतून वर येणारा. वासही रंगाचा नव्हता.

"वयनी," काका नाक वर करून म्हणाले, "भजी खंय तळतत?"

समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्याने हात हलवून गाडी पेटल्याची खूण केली. मी कडेला गवत नाही अशी जागा बघून थांबले. आई उतरली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि गाडीकडे पाहत राहिली. मी वाकून खाली बघितलं. ज्वाळा नव्हती. सायलेन्सर चकचकत होता आणि त्याच्या अंगावरून थेंब ओघळत होते. गाल भाजेल इतकी धग होती. वास खोबरेल तेलाचा होता.

"गाडी घराकडे फिरव," आई म्हणाली. "तेंच्या मनात नाय."

तेंच्या म्हणजे वडिलांच्या. आवाज अगदी साधा होता.

"आई, ह्याला तेल लावलंस?"

पावसाळ्याआधी घरातलं सगळं लोखंड, कोयता, विळी, कुदळ, आई तेलाच्या फडक्याने पुसून ठेवते. पुढ्यात आलेलं नवं लोखंड तसंच सोडणं तिला जमणार नव्हतं.

"काल सांजेक लावलंय. खारो वारो. गंज येतलो."

"आनी मोहरी?" काका म्हणाले. "फोडणीक मोहरी नको?"

"तू गप रव," आई म्हणाली. "धूर तेल लावल्यार येता, की कोणी काढल्यार येता, तुका काय ठावक?"

एवढ्यात मागच्या घरातून एक बाई आली. आमचं थांबणं तिने खिडकीतून पाहिलं असावं.

"बाये, आत येऊन बस गो. उन्हात कित्याक रवलस?"

"नाय गो. आधी भावाच्या घरात जावचा आसा."

बाईने आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. ती आत गेली, प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली आणि आपल्या फाटकाच्या बाहेर, रस्त्यावरच मांडली. आई बसली. तेल जळून जावं म्हणून मी इंजिन चालू ठेवलं. काही वेळ आम्ही सगळे, ती अनोळखी बाईसुद्धा, धूर निघताना बघत राहिलो.

"वयनी," काका या वेळी हळू बोलले, "दादाच्या मनात नसता तर तेणा चाकां काढून ठेवली असती. धूर सोडून बोलणारो माणूस तो?"

आईचे ओठ हलले. हसली असं मी म्हणणार नाही. पण वडिलांना ओळखणाऱ्या कुणालाही ते पटलं असतं. ते नाही म्हणायचे तेव्हा गल्लीला ऐकू जायचं.

धूर विरळ झाला, मग नुसती धग उरली. आई उठली, खुर्ची स्वतः उचलून फाटकाला टेकवून ठेवली आणि गाडीत पाय वर घेऊन बसली.

"चल," ती म्हणाली. "तो वाट बघीत आसतलो."

मयेला पोचलो तेव्हा मामा दारातच होता. उठता येत नव्हतं, म्हणून त्याने आपली खुर्ची बरोबर उंबऱ्यावर आणून ठेवायला लावली होती, हात बाहेर पायरीपर्यंत पोचावा म्हणून. तो पोचला. आईचा हात त्याने दोन्ही हातांत धरला. पण दार खुर्चीने भरलं होतं आणि आईला आत जायला जागा नव्हती. हात सोडायला दोघंही तयार होईनात. शेवटी मामीने मागून खुर्ची धरली आणि मामाला खुर्चीसकट आत ओढत नेलं, आणि त्याचा हात धरून आई वाकूनच उंबरा ओलांडून त्याच्या मागे गेली.