निघताना लावायचा दिवा

"काहून?" असं तो विचारायचा तेव्हा उजवा पाय गाडीच्या बंपरवर असायचा. कुणी "जमत नाही" म्हटलं की पाय वर, मान तिरकी आणि "काहून? सांगा ना, काहून?" हिंगोलीत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दिवसभर डोकं खाणारी माणसं येतात, पण या एका शब्दानं माझं जेवढं डोकं खाल्लं तेवढं कुणीच खाल्लं नाही. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच.

साखऱ्याकडचा माणूस. उमेदीची सगळी वर्षं एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर. शेठच्या गाडीत शेठचे देव. ह्यानं एकदा आपला बुद्धाचा फोटो लावला, तर दुसऱ्या सकाळी तो सीटवर पालथा पडलेला. "बोललो न्हाई, पण त्याच दिवशी ठरवलं," असं तो मला सांगायचा. पुढं शेठनं एक जुनी गाडी विकायला काढली, ती ह्यानंच घेतली. पहिलं काम काय केलं? काचेखाली फोटो आणि त्याच्यावर निळा दिवा. वायर स्वतःच जोडली. माझ्याकडे आला असता तर पुढची भानगड झालीच नसती, पण ऐकेल तर तो कसला!

मी त्याला मुद्दाम मोठ्यानं "या मालक!" म्हणायचो. एवढा आडदांड गडी, पण लाजायचा आणि उगीच टायरला लाथ मारून हवा बघायचा.

हळद-सोयाबीनच्या खेपा सुरू झाल्या आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा थेट लाल पट्टीत जाऊ लागला. तो गाडी बाजूला घ्यायचा, बॉनेट उघडायचा, रेडिएटर चाचपायचा. ना वाफ, ना पाणी उकळतंय. पण काटा लाल. लाल काट्यावर भरली गाडी दामटायची छाती कुणाची होणार? हा रस्त्यात उभा आणि फोनवर व्यापाऱ्याच्या शिव्या.

माझ्या दुकानात आणली की काटा गुणी लेकरासारखा मध्यावर. मी इंजिनावरचा सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी फोन, "मिस्त्री, लाल!" मीटर बदललं. पुन्हा लाल. आता माझीच इज्जत जायची वेळ आली.

अशात शेठ दुकानावर आला. गाडीभोवती चक्कर मारून त्यानं नाक मुरडलं. "इंजिन गेलं हिचं. खोलायला घेतलंस तर घर इकावं लागंल. दे भंगारात अन् ये माझ्या गाडीवर परत." वाईट मनानं म्हणाला असंही नाही. पण त्या "परत"नं ह्याचा चेहरा उतरला. शेठ गेल्यावर तो माझ्या बाकड्यावर बसला. "मिस्त्री, उपाशी ऱ्हाईन, पण दुसऱ्याच्या गाडीचं स्टिअरिंग आता न्हाई धरणार. तुमी काटा बघा."

म्हटलं, चल, मीच बसतो सोबत. नरसीच्या रस्त्यानं एक चक्कर मारू. गेर टाकायच्या आधी त्यानं फोटोला हात जोडले आणि दिव्याचं बटन दाबलं. आईशप्पथ सांगतो, काटा सरसर वर!

"थांब! दिवा बंद कर." काटा खाली. "लाव." काटा वर.

"माझ्या दुकानात कधी लावला नाहीस रे हा?"

"गॅरेजात कशाला लावू? निघताना लावायचा असतो दिवा."

मी कपाळावर हात मारला. डॅशबोर्ड खोलला तर दिव्याची आणि मीटरची अर्थिंग एकाच स्क्रूवर, आणि तो स्क्रू पार गंजलेला. दिवा लागला की करंटला धड वाट मिळेना आणि काटा भलतंच दाखवी. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. मी खुशीत म्हणालो, "सापडलं! दिवा काढून टाक, विषय संपला."

"काहून?" त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "शेठच्या गाडीतून फोटो काढला, आता माझ्या गाडीतून दिवा काढू? इंजिन जळून गेलं तरी चालंल. दिवा ऱ्हाईल. काट्याचं काय करायचं ते तुमी करा."

मलाही राग आला. "अरे बाबा, मी दिव्यावर नाही, वायरवर बोलून राहिलो!" पण त्याचे डोळे भरलेले दिसले आणि मी गपगुमान पाना उचलला. स्क्रू घासून लख्ख केला, दिव्याची वेगळी वायर काढून थेट चेसिसला दिली. दिवा लागला, काटा जागचा हलला नाही. त्यानं अशी मिठी मारली की माझ्या बरगड्या दुखल्या.

डोंगरकडा गावाला न्यायचा माल भरून तो आधी गेला शेठच्या दारात. हॉर्न वाजवून वाजवून शेठला बाहेर काढलं. "लावा हात इंजिनाला!" शेठनं काही लावला नाही.

त्यानंतर ती गाडी त्यानं बरीच वर्षं चालवली. मागच्या पावसाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. मला अजून खरं वाटत नाही. फार जीव लावून गेला हो तो माणूस.

मसणवट्याच्या वाटेवर काळ्या मातीचा गुडघाभर चिखल होता. "त्यायला त्यायच्याच गाडीत न्यायचं," त्याची बायको म्हणाली आणि तिनं मला स्टिअरिंगवर बसवलं. ती माझ्या शेजारी. मागं तो, आणि त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभी माणसं.

शेठही आला होता. त्याची कार वाटेच्या तोंडाशीच रुतली. चिखल तुडवत तो माझ्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, ह्या बाईला आता गाडी काय करायची? मीच घेतो परत. जरा बोलून बघा."

मी तोंड उघडायच्या आत ती खिडकीकडं वाकली.

"गाडी इकायची न्हाई, शेठ. मैतीला आले असाल तर मागं चढा."

शेठ चपला हातात घेऊन मागं गेला. वरच्या कुणीतरी त्याला हात दिला. फाळका लागल्याचा आवाज आला आणि मी गाडी गेरात टाकली.