नवरा आनंदात आहे

माझा नवरा आनंदात आहे, असं माझे थोरले दीर मला सांगतात. नवरा खाटेवर असतो. नाकात नळी, डोळे कधी मिटलेले, कधी उघडे, पण उघडे असले तरी माझ्याकडे न बघणारे. गेल्या पावसाळ्यात गोव्यातल्या कामावरून दोडामार्गाकडे परत येताना वळणावर त्याची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार बसला. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं आणि शेवटी घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी त्याला पेज गाळून नळीतून भरवते, कूस बदलते, अंग पुसते. आणि बोलते. बोलायला मी कधीच कमी नव्हते.

हे दीर, माझे भावोजी, निवृत्त शिक्षक. आठवड्यातून एकदा बसने ओरोसला वेदान्ताच्या वर्गाला जातात आणि तिथे ऐकलेलं घरी आणून आम्हाला वाढतात. एकदा मी भाजीसाठी केळीचा गाभा काढत बसले होते, तर ते समोर येऊन बसले.

"ह्या बघ, आत्म्यार अशीच पाच सोपटां आसत."

मग खोडाचं एकेक सोपट, एकेक थर, हातात घेऊन त्यांनी सांगितलं. बाहेरचं अन्नाचं, म्हणजे हे शरीर. मग प्राण, मग मन, मग बुद्धी, आणि सगळ्यात आत आनंदमय कोश. गाढ झोपेत मन आणि बुद्धी गप्प होतात आणि माणूस त्या आनंदात असतो. तोसुद्धा एक कोशच, आत्म्यावरचं आवरणच. हे शेवटचं वाक्य ते जरा हळू म्हणाले, म्हणजे ते सोयीचं नसावं.

"आपण रोज निजल्यार थंय जावन येतो. ह्यो थंयच आसा. तेका दुख्ख नाय, काळजी नाय. तू कित्याक रडतस?"

"जावन येतो ना? मगे हे कित्याक येनत नाय?"

भावोजींनी हातातलं सोपट खाली ठेवलं. शाळा असती तर त्यांनी मला बाकावर उभं केलं असतं.

पण ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. नवऱ्याचा चेहरा खरंच निवांत दिसायचा. कपाळावरची कायमची आठी गेली होती. मला त्याचा हेवा वाटायला लागला, आणि हेव्यामागून भीती आली. तिथे एवढं सुख असेल तर तो माझ्याकडे परत कशाला येईल? इथे काय होतं त्याच्यासाठी? रोजचा गोव्याचा प्रवास, विहिरीवरचा बिघडलेला पंप आणि माझी जीभ. या विचाराने मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडले आहे.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याच्या नखावर पेनाने जोर दिला होता, तेव्हा त्याचा चेहरा आक्रसला होता. दुखलेलं कळतंय, हे चांगलं लक्षण, असं ते म्हणाले. मी तेवढंच धरून बसले. रोज सकाळी पेज भरवण्याआधी मी त्याच्या अंगठ्याचं नख दाबायचे. कपाळावर आठी उमटली की मला जेवण जायचं. मग एका सकाळी आठी उमटली नाही. मी जोर वाढवला. दोन्ही हातांनी दाबलं. नख काळंनिळं झालं, तरी चेहरा तसाच निवांत. मागे दारात भावोजी उभे होते.

"काय करतस गो?"

"तेंका भायर काढतंय."

ते खुर्चीत बसले. कोश वगैरे काही बोलले नाहीत. म्हणाले, "देवळात गाऱ्हाणा घालूया."

आमच्याकडे माणसाचे उपाय थकले की देवाला गाऱ्हाणं घालतात. गावचा मानकरी सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं होकार देतात. काय मागायचं ते भावोजींनी मानकऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं. मला विचारलं नव्हतं.

मानकऱ्याने देवापुढे नारळ ठेवला. "बा देवा म्हाराजा, तुझा एक लेकरू खाटेर पडान आसा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या बायलेन करूचा ता सगळा केल्यान."

"व्हय म्हाराजा."

"आता तो जंय सुखात आसा, थंयच तेका सुखात रवांदे. हंयचो पाश सोडव म्हाराजा."

"नाय म्हाराजा," मी म्हणाले.

गाऱ्हाण्यात नकाराची सोयच नसते. मानकरी हात जोडून तसाच थांबला. एका बाईने माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला. मानकरी वयाने मोठा, शहाणा माणूस. तो रागावला नाही.

"बाये, मगे तूच सांग देवाक."

बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मला त्यातले शब्द येत नव्हते, येतील ते बोलले.

"म्हाराजा, तेंका दुखांदे. तेंका राग येवंदे, माझ्यार वराडांदे. माका वळाखले नाय तरी चलात. पण तेंका थंय सुखात ठेव नको. माका हंय एकट्याक टाकू नको."

स्वार्थी मागणं होतं, बोलताना मला कळत होतं. कोणी होकार देईना. मग माझ्या मागून एकच आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

भावोजी होते. कोणी साथ देत नाही असं बघून ते पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने.

घरी आल्यावर त्यांनी पायसुद्धा धुतले नाहीत. थेट खाटेपाशी गेले आणि धाकट्या भावाचे खांदे धरून त्याला गदागदा हलवायला लागले. "ऊठ रे मेल्या. ऊठ." तो उठला नाही. मी नळी सुटू नये म्हणून ती धरून उभी राहिले, आणि ते हलवत राहिले.