इतवारीवर लिहिलेली चार वाक्यं

मनीषनगरातल्या एका इमारतीत, दातांच्या दवाखान्याच्या वर, आमचं अभ्यास केंद्र आहे. ते कोणत्या पक्षाचं आहे हे पाटीवर लिहिलेलं नाही, संस्थेच्या घटनेतही नाही. पण खालचा कंपाउंडर कुरिअरवाल्याला "वर पार्टीच्या ऑफिसात द्या" असंच सांगतो आणि आम्ही कधी त्याला दुरुस्त केलं नाही.

मी अर्थशास्त्रात एम.ए. करून दोन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. केंद्राचे संचालक माझेच जुने प्राध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम हातात घेतलं आणि मला बोलावलं. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. काम साधं होतं. पक्षाच्या लोकांना एखाद्या विषयावर मुद्दे लागले की आम्ही वाचायचं, आकडे गोळा करायचे आणि टिपण करून द्यायचं. दहा पानांचं टिपण सर दोन पानांवर आणत, पक्षाची धोरण समिती ते अर्ध्या पानावर आणे आणि शेवटी एखादं वाक्य कोणाच्या तरी भाषणात जाई. भाषणात गेलं की तो पक्षाचा विचार झाला. हे एवढं सरळ असतं हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, पक्षाचं धोरण मोठी माणसं मोठ्या खोलीत बसून ठरवतात. बरंचसं धोरण आमच्या त्या तीन टेबलांवर, कूलरच्या आवाजात, कोणाला तरी आठ दिवसांत काहीतरी द्यायचं आहे म्हणून लिहिलं जात होतं.

निवडणुकीच्या आधी पक्षाला विदर्भासाठी एक दृष्टिपत्र काढायचं होतं. शेती, पाणी, वीज, उद्योग, शहर अशी प्रकरणं ठरली. शहर माझ्याकडे आलं. मुदत आठ दिवस.

त्या प्रकरणात इतवारीवर, म्हणजे आमच्या शहराच्या जुन्या बाजारपेठेवर, मी चार वाक्यं लिहिली. धान्याचा मोठा लिलाव फार पूर्वीच कळमन्याच्या मार्केट यार्डात गेला आहे; पण किराणा, डाळी, कापड, भांडी यांचा घाऊक व्यापार अजून इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत चालतो. त्यामुळे वाहतूक तुंबते, आग लागली तर बंब आत जाऊ शकत नाही. उरलेला घाऊक बाजार शहराबाहेर नव्या संकुलात हलवावा. मोकळ्या जागेत पार्किंग आणि बगिचा करता येईल. दुसऱ्या शहरांच्या दोन अहवालांत असंच होतं. मी ते आपल्या शहराला लावलं. इतवारी मला लहानपणापासून माहीत होती, म्हणून तिथे जाऊन पाहायला हवं असं मनातही आलं नाही.

सरांनी त्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि म्हणाले, "हे घेतील ते."

घेतलं. महिन्याभरात पक्षाच्या शहरातल्या नेत्यांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, एका सभेत ते सांगितलं. व्हिडिओ माझ्या फोनवर आला तेव्हा मी तो तीनदा पाहिला. "इतवारीचा श्वास आम्ही मोकळा करू," हे भाऊंचं स्वतःचं होतं. पण बंब, पार्किंग, बगिचा हे माझंच, माझ्याच क्रमानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तो आईला दाखवला. आईनं सगळ्या नातेवाइकांना दाखवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावसबहिणीच्या लग्नाची भांडी घ्यायला मी आणि आई इतवारीत गेलो. आमचं ठरलेलं दुकान होतं. तिथला दुकानदार माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, वडिलांच्या जागी बसलेला. पितळी डबे पुसून पुढे ठेवता ठेवता तो आईला म्हणाला, "काकू, घ्यायचं ते आताच घेऊन घ्या. पुढं आमी इथं राहू का नाही, सांगता येत नाही."

"काहून गा? दुकान विकून राहिला का?"

"मी काहून विकू? पार्टीवाले बाजारच उचलून राहिले. भाऊचं भाषण नाही ऐकलं का?"

आईचा चेहरा फुलला. मी तिचा हात दाबला, पण उशीर झाला होता. "ऐकलं नं! ते तं माझ्या पोरीनं लिवलेलं हाय. हिच्याच ऑफिसातून गेलं ते."

दुकानदाराच्या हातातलं फडकं थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी लिवलं, ताई?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग विचाराले कधी आल्या होत्या? मी तं रोज इथंच असतो."

तो रागावला नाही. त्यानं नोकराला आईसाठी चहा सांगितला आणि चपला घातल्या. "पाच मिनिटं चालता का माझ्यासंगं? आमचं काय, आमी दुकान कुठंही लावून घेऊ. तुमाले दुसरं दाखवतो."

दुकानाच्या मागे दोन गल्ल्या सोडून डाळीचं एक गोदाम होतं. हातगाड्यांमधून वाट काढत आम्ही तिथे पोचलो. आत पत्र्याखाली वीस-पंचवीस बायका बसल्या होत्या. नाकावर पदर किंवा ओढणी बांधलेली, पुढे सूप आणि चाळणी, बाजूला तुरीच्या डाळीचे कट्टे, म्हणजे पोती. डाळ पाखडायची, खडा निवडायचा, चाळून परत कट्ट्यात भरायची. लहानपणापासून मी या बाजारात येत होते आणि या बायका मी पाहिल्या नव्हत्या. भांड्यांच्या दुकानातून त्या दिसत नाहीत.

दुकानदारानं एका वयस्क बाईला हाक मारली. सगळे तिला मावशी म्हणत होते. "मावशी, बाजार हलवाचं या ताईनं लिवलं हाय."

मावशीनं नाकावरचा पदर खाली केला. "हो का? बाई, तुमी पयले कधी आल्या होत्या इकडं?"

"आले होते. भांडी घ्यायला."

कोपऱ्यातली एक बाई हसली. मग बऱ्याच जणी हसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मावशीनं मला पालथं घातलेलं एक टोपलं दिलं आणि बसवून घेतलं. सूप चालू ठेवूनच बोलत होती. "माझं घर पाच गल्ल्या सोडून हाय. नळ येऊन गेला का मी येते. दुपारी घरी जाऊन सासऱ्याले जेवू घालते, तो अंथरुणावर हाय. मंग वापस येते. इथल्या समद्या बाया अशाच. कोनाचं लेकरू शाळेतून येते, कोनाची माय आंधळी हाय. बाजार दूर गेला तं शेठ गाडीनं जाईन, हमाल टेम्पोत बसून जाईन. मी कायच्यात बसून जाऊ? आन दुपारी घरी कोन जाईन?"

मी विचारलं, "हे तुम्हाला कोणी विचारलं नाही का?"

"कोन विचारते?" ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. वेळ विचारल्यावर सांगावी तसं तिनं सांगितलं.

परत येताना ऑटोत आईनं भांड्यांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मी काहून बोलली वं तिथं?" मी म्हणाले, "बरं झालं बोललीस." तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती, आणि आईसमोर वाटत होती म्हणून थोडा रागही.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू गेली नव्हतीस?"

"नाही."

"मला वाटलं, गेली असशील." मग ते म्हणाले, "मीही विचारलं नाही. इतवारी आपलीच, त्यात काय विचारायचं, असं मलाही वाटलं."

मी म्हणाले, "ते काढून टाकू या." सरांनी मान हलवली. "भाषणात गेलेलं वाक्य आपलं राहत नाही. आता ते भाऊंचं आहे. पक्षाला 'चुकलो' छापता येत नाही. 'टप्प्याटप्प्यानं' छापता येतं." मला त्यांचा राग आला. नंतर कळलं की ते मला उपाय सांगत होते.

दृष्टिपत्र छपाईला जायला दहा दिवस होते. त्यांतले पाच दिवस मी इतवारीत काढले. सकाळी नळाची वेळ झाल्यावर जायचं, बायका घरी जात तेव्हा कोणाच्या तरी सोबत चालत घरी जायचं, त्यांच्याबरोबर परत यायचं. हमालांशी बोलले, टेम्पोवाल्यांशी बोलले, वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या कुटुंबांशीही बोलले. त्या कुटुंबांना ट्रक खरोखर नको होते. एका आजोबांना दम्याचा त्रास झाला तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच थांबली होती. म्हणजे माझी पहिली वाक्यं सगळीच खोटी नव्हती. ती अर्धीच होती. कोणतं हलवायचं आणि कोणतं नाही, हे त्यांत नव्हतं. जड माल महिनोन्महिने साठवणारी गोदामं बाहेर गेली तर ट्रक कमी होतात. निवडायचं, चाळायचं काम हातगाडीनं येणाऱ्या मालावर चालतं. ते तिथेच राहू शकतं. हे मला कोणत्याही अहवालात सापडलं नव्हतं. एका हमालानं चहा पिता पिता सांगितलं.

सरांनी भाऊंची वेळ घेतली. त्यांच्या कार्यालयात बाहेर गर्दी होती, आत आम्ही तिघंच. मी टिपण पुढे केलं. भाऊंनी ते वाचलं नाही. "तोंडानं सांगा ताई."

मी सांगितलं. मध्येच त्यांनी हात वर केला. "म्हंजे मी जे सभेत बोललो, ते बरोबर नव्हतं?"

"पूर्ण बरोबर नव्हतं. ते मी लिहिलं होतं. तिथे न जाता लिहिलं होतं."

भाऊ सरांकडे वळले. "सर, तुमच्यावर भरोसा ठेवून बोलतो नं मी."

"चूक माझीही आहे," सर म्हणाले. बस, एवढंच. त्यांनी मला पुढे करून स्वतः मागे राहणं टाळलं, हे मी विसरले नाही.

भाऊंनी विचारलं, त्या बायका राहतात कुठे. मी वस्त्यांची नावं सांगितली. ते हिशेब करत असावेत. मतांचा असेल, नसेलच असं मला म्हणवत नाही. मग म्हणाले, "बाजार हलवू, हे मी वापस घेऊ शकत नाही. तिथं राहणाऱ्या लोकांनी त्याच्यावर टाळ्या वाजवल्या. पण या बायांचं काय करायचं, ते एका वाक्यात सांगा."

मी सांगितलं. "लंबं होऊन राहिलं," ते म्हणाले. मी लहान केलं. त्यांनी तेही मोठ्यानं म्हणून पाहिलं, मध्ये अडखळले आणि परत माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "जड मालाची गोदामं टप्प्याटप्प्यानं बाहेर, निवडण-चाळणीचं काम आहे तिथेच." त्यांनी ते न अडखळता म्हटलं. "हे चालते. लिहून घ्या, सर."

दृष्टिपत्र निघालं. मोठ्या पुस्तिकेत ते वाक्य होतं. घरोघर वाटलेल्या छोट्या घडीपत्रकात मात्र 'इतवारीचा श्वास मोकळा' एवढंच छापलं होतं, सोबत बगिच्याचं चित्र. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, घडीपत्रक प्रचार विभाग करतो, ते आपल्या हातात नाही. मी त्या दिवशी जेवले नाही. तसं कारण काही मोठं नव्हतं, पण जेवण गेलं नाही.

मोठी पुस्तिका घेऊन मी गोदामात गेले. मावशीला वाचता येत नाही, तिच्या सुनेनं पान वाचून दाखवलं. मावशीनं विचारलं, "एवढंसंच?"

"एवढंच झालं, मावशी."

"पन हाय नं लिवलेलं?" तिनं सुनेला त्या पानाच्या झेरॉक्स काढायला सांगितल्या. निवडणूक झाली, पक्षाला शहरात बऱ्यापैकी जागा मिळाल्या आणि बाजाराच्या प्रश्नावर एक समिती बसली. समिती पाहणीला आली तेव्हा बायकांनी भांड्यांच्या दुकानदाराकडून अर्ज लिहून घेतला आणि त्याला ते पान जोडलं. हे मला दुकानदारानं फोनवर सांगितलं. मी तिथे नव्हते. समितीतला एक अधिकारी म्हणाला म्हणे, "हे तर पक्षानंच लिहून दिलं आहे." त्यानं अर्ज फाइलला लावला.

अजून बाजार हलला नाही. गोदामंही नाहीत. समितीचा अहवाल यायचा आहे. बायका बसतात तिथेच बसतात. ते त्या वाक्यामुळे की कामं अशीच रेंगाळतात म्हणून, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

केंद्रात एक बदल झाला. सरांनी प्रत्येक टिपणाच्या वर एक चौकट टाकली: कुठे गेलो, कोणाला भेटलो. ती रिकामी असेल तर टिपण पुढे जात नाही. पक्षातला एक जण म्हणाला की यानं काम मंदावतं, तर सर म्हणाले, "मंदावतं खरं."

सध्या विजेवरचं एक नवं टिपण माझ्याकडे आहे. आठवड्यातून दोनदा मी कोराडीची बस पकडते आणि तिथल्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एका निवृत्त फिटरकडे बसते. तो आधी स्वतःच्या बदल्यांची, मग मुलाच्या नोकरीची गोष्ट सांगतो. पहिल्या दोन भेटींत विजेबद्दल एक अक्षर निघालं नाही. तिसऱ्या भेटीत त्यानं कपाटातून वीजकेंद्रातल्या कामाची जुनी वही काढली आणि म्हणाला, "आता विचारा, काय पायजे ते."