बाळ तान्हं होतं तेव्हाचा धूर

लहान मुलांच्या डॉक्टरकडे किस्से साठत जातात, आणि दम्याचे जरा जास्तच. आमच्या इंदिरानगरच्या दवाखान्यात मी सगळ्याच आईबापांना विचारते, "बाळ तान्हं होतं तेव्हा आसपास धूर होता का?" पहिलं उत्तर बहुतेक वेळा "छे" असतं.

*

एका सोसायटीचे चेअरमन नातवाला घेऊन आले. पोराच्या छातीतून शिट्टी वाजत होती.

"वॉचमनला अक्कल नाही, मॅडम. रोज पाला जाळतो, थेट आमच्या गॅलरीखाली. हा जन्मल्यापासून चाललंय."

"मग बंद करायला सांगा ना."

सून हळूच म्हणाली, "बाबांनीच सांगितलंय त्याला. घंटागाडीची वाट बघू नको म्हणून."

चेअरमननी घसा साफ केला. "औषध दिवसातून किती वेळा म्हणालात?"

मी अजून औषधाचं काही बोललेच नव्हते.

*

पिंपळगावचा एक टेम्पोवाला. मुलगी चार वर्षांची, रात्रभर खोकणारी.

"टेम्पो कुठे लावता?"

"दारातच. सकाळी जरा येळ चालू ठिवावा लागतो, मंगच निघतो."

"आणि हिचा पाळणा कुठे असायचा?"

"खिडकीत. पोरीला मोकळी हवा लागावी म्हनून..."

मुलीचा फ्रॉक तो उगाच सारखा करत राहिला.

*

सात वर्षांच्या आर्याला आई आणि आजी घेऊन यायच्या. आजी रिटायर्ड शिक्षिका, बोलणं ठाम. "धूर? आमच्याकडे पहिल्यापासून गॅस आहे."

आर्याची आई चाचरत म्हणाली, "आई, ती शेगडी?"

बाळंतपणानंतर सव्वा महिना आजींनी रोज निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकून बाळाला धुरी दिली होती. दारं-खिडक्या घट्ट लावून, मोठ्या हौसेनं.

मग आजींनी विचारलं, "म्हणजे हे मी केलं?"

"असं एकावर बोट नाही ठेवता येत," मी म्हणाले. "रस्त्यावरची धूळ, गाड्या, आईवडिलांची प्रकृती, बरंच असतं. पण तान्ह्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, हे खरं."

त्यांनी मान हलवली. जाताना नातीचा हात मात्र धरला नाही.

पुढच्या वेळी आर्या फक्त आईबरोबर आली. छाती बरीच मोकळी होती. मी विचारलं, "आजी कशी आहे?"

"बरी आहे," आर्या म्हणाली. "पण ती बुद्धवंदनेला अगरबत्ती पेटवत नाही आता. नुसती हातात धरून बसते."